वायर खिशात होती

ही गोष्ट खरी आहे. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकलो आहे. ती खोटी निघाली असती तर मलाच जास्त सोयीचं झालं असतं.

१९७३ चा मे. मंगरूळपीरहून किन्हीराजाकडे जाणारा रस्ता. रात्र नव्हे, भर दुपार.

त्या दुष्काळात आमच्या अँबॅसिडरचा रेडिएटर आटला, तो नेमका एका विहिरीपाशी. काठावर धुरपताबाई नावाची म्हातारी बसलेली. सकाळपासून वाटीनं तळ खरवडून तिनं एक घागर भरली होती.

बाबूजींनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती घागर उचलली.

"शेठ, घोटभर तरी मले राहू द्या."

"संध्याकाळी पिंप भरून पाठवतो, माय."

आम्ही जैन. पाणी गाळल्याशिवाय वापरत नाही. बाबूजींनी रेडिएटरमध्ये ओततानाही ते फडक्यातून गाळलं. मग फडकं विहिरीत हळूच झटकलं. पाण्यातले जीव मरायला नकोत.

पिंप पाठवायचं राहिलं.

म्हातारी तिथंच, काठावर गेली. ऊन लागलं, असं लोक म्हणाले.

त्यानंतर...

गाडी त्या विहिरीपाशी आली की तापमानाचा काटा लालवर जायचा. बॉनेट उघडावं तर रेडिएटर गार. पुढे गेलं की काटा मुकाट्यानं खाली. दुसरीकडे कुठंच काही नाही.

"सेन्सर खराब असेल," बाबूजी म्हणाले. त्यांना तो खराब हवाच होता. यंत्राची चूक निघाली, की माणसाची निघत नाही.

रतनसिंग मिस्त्रीनं सेन्सर गरम पाण्यात बुडवून तपासला. ठणठणीत. तरी नवा घातला. मग मीटर बदललं.

काटा चढलाच.

शेवटी तो आम्हाला घेऊन निघाला. विहिरीच्या अलीकडे थांबला, सेन्सरपासून मीटरकडे जाणारी वायरच काढली आणि खिशात घातली.

"आता नाई हलत, शेठ. इंजन गरम हाय हे त्याले सांगनार कोन?"

विहीर आली...

काटा हलला.

हळूहळू लालवर गेला. तिथंच थरथरत राहिला.

रतनसिंगनं इंजिन बंद केलं. चावी काढली.

काटा तसाच.

"सेन्सरच खराब आहे ना रे?" बाबूजींनी अगदी हळू विचारलं.

"वायर माह्या खिशात हाय, शेठ."

बॉनेटखालून आवाज येत होता... वाफेचा नव्हे.

वाटीनं तळ खरवडल्याचा.

बाबूजी उतरले. रेडिएटरखालची तोटी सोडली, ओंजळ धरली आणि ते गंजकं पाणी ओंजळीओंजळीनं विहिरीत नेऊन ओतू लागले.

"शेठ, काय करून राह्यले? उन्हात पडसान!"

त्यांनी ऐकलं नाही. पाणी संपेपर्यंत येरझाऱ्या घातल्या. आयुष्यात पहिल्यांदाच गाळायचं विसरले.

आवाज थांबला. काट्याकडे बघायचं मात्र कुणी नाव काढलं नाही. गाडी बैलांनी ओढून घरी आणली.

आता बाबूजी नाहीत. गाडी आमच्या अंगणात विटांवर उभी आहे. इंजिन केव्हाच विकलं, बॅटरीही नाही. मीटरच्या काचेवर धुळीचा जाड थर आहे.

बायको म्हणते, "एकदा पुसून तरी टाका."

मी म्हणतो, मे सरू दे.

दर वर्षी म्हणतो.