कुणाचे सात?

ब्रॅनिगन गावच्या थिएटरात रविवारचा खेळ बरोबर दोनला सुरू होतो. त्या दिवशी तीन वाजत आले होते, पडद्यावरचा नायक बापाशी भांडून घर सोडायच्या बेतात होता, आणि तेवढ्यात तिकिटाच्या खिडकीवर टकटक झाली.

टिल्डी नोवोत्नीने मक्याच्या लाह्यांचा डबा बाजूला सारून वर पाहिलं. खिडकीत एक उंच, उन्हाने रापलेला माणूस उभा होता. केस ओले करून नीट बसवलेले, पण नखांत काळं ग्रीस तसंच. वाऱ्याबरोबर भुरभुर पाऊस त्याच्या पाठीवर येत होता आणि त्याचं तिकडे लक्षच नव्हतं.

"एक तिकीट द्या. वेळेवर आलो ना? दोनला दोन मिनिटं आहेत."

"तुमच्याकडे असतील," टिल्डी म्हणाली. "आमच्याकडे तीन वाजत आलेत."

त्याने मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग तिच्या डोक्यावरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे, आणि मग... तिच्याकडे. तिथे जरा जास्तच वेळ पाहिलं.

"रेषा!" तो कपाळावर हात मारत म्हणाला. "आठ महिने झाले इथे येऊन, तरी मेली लक्षातच राहत नाही."

गावाच्या पश्चिमेला बारा मैलांवर वेळेची रेषा जाते. अलीकडची घड्याळं पुढची, पलीकडची एक तास मागची. शाळा इकडे, गुरांचा दवाखाना तिकडे, आणि एखाद्या आत्याचं घर इकडे तर तिचं चर्च तिकडे. त्यामुळे इथलं पोर बोलायला लागलं की आधी 'पुढचे की मागचे?' विचारायला शिकतं.

"अर्धं तिकीट घ्या," टिल्डी म्हणाली. "अर्धाच सिनेमा उरलाय."

"मला अर्ध्यातला अर्धाही चालेल. मी फक्त पवनचक्की बघायला आलोय."

"...काय बघायला?"

"पोस्टरवर आहे ना एक. खरी आहे का, ते बघायचंय."

टिल्डीला आयुष्यात कशाचा मोह आवरत नसेल तर तो प्रश्नांचा. काउंटीच्या कचेरीत ती दिवसभर लोकांच्या रस्त्यांच्या तक्रारी लिहून घ्यायची, आणि तक्रार संपली तरी तिचे प्रश्न संपायचे नाहीत. हा माणूस पवनचक्कीसाठी सिनेमाला येतो म्हणजे काय? तिने खिडकी बंद केली आणि ती त्याच्यामागून अंधारात जाऊन बसली.

खेळ संपल्यावर नेहमीची मंडळी मागच्या स्वयंपाकघरात जमली. थिएटर गावानेच चालवलेलं. तिकिटं टिल्डीकडे, यंत्र कॉयकडे, आणि चूल बर्डीनबाईंकडे. कॉय म्हणजे टिल्डीचा बालमित्र, गावचा पोस्टमन. बर्डीनबाईंनी या दोघांनाच नव्हे, अर्ध्या गावाला बाराखडी शिकवलेली, त्यामुळे निवृत्त झाल्या तरी त्यांच्यासमोर सगळे सरळ बसत. त्या वर्षी तिघांनी एक खूळ घेतलं होतं. ज्या मुलखाकडे कुणी ढुंकून पाहत नाही, तिथल्याच गोष्टी सांगणारे सिनेमे लावायचे. ओहायो नदीकाठचं काचेचा कारखाना बंद पडलेलं गाव, दलदलीतले कोळंबीवाले, मिसिसिपीकाठची कापसाची खेडी. आणि सिनेमा झाला की चिली, म्हणजे राजमा-खिम्याचं तिखट कालवण, खात त्याची चिरफाड करायची.

आज तर खुद्द आपल्याच टेकड्यांची गोष्ट होती, त्यामुळे कुणाला दयामाया नव्हती.

"मागे डोंगर काय दिसत होते!" कॉय म्हणाला. "बर्फाचे! आपल्याकडे डोंगर कधी उगवले?"

"आणि तो म्हणतो, सातला भेटू," टिल्डी उसळून म्हणाली, "आणि ती बया नुसती मान डोलावते! कुठले सात ते विचारतसुद्धा नाही. इथे असं कोण करेल?"

"पवनचक्कीची शेपटी दुमडलेली होती," दारातून आवाज आला. मघाचा माणूस टोपी हातात घेऊन उभा होता. "शेपटी दुमडली म्हणजे चक्की बंद. तरी चाक गरागरा फिरत होतं. आत मोटर बसवलीय त्यांनी."

सगळ्यांनी वळून पाहिलं. मग बर्डीनबाईंनी एक खुर्ची पायाने पुढे ढकलली. "बस बाळ. तुझं नाव काय?"

त्याचं नाव लाइल प्रुइट. न्यू मेक्सिकोचा. पवनचक्क्या दुरुस्त करायचा. रेषेपलीकडे एका शेतावर खोली घेऊन राहत होता. त्याच्यापुढे चिलीची वाटी आली, आणि शेजारी दालचिनीचा गोड रोल.

"हे... नंतर खायचं?"

"बुडवून खायचं," टिल्डी म्हणाली.

"गोड, तिखटात?"

"घाबरलात?"

लाइलने तिच्या डोळ्यांत बघत रोल बुडवला आणि खाल्ला. मग दुसरा उचलला. कॉयने टिल्डीला टेबलाखालून पाय मारला. टिल्डीने त्याला दुप्पट जोरात मारला.

त्यानंतर लाइल दर रविवारी येऊ लागला, आणि तेही दोनच्या आधी दहा मिनिटं. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. सिनेमात तो यंत्रं बघायचा, ती माणसं. लाह्यांच्या डब्यात दोघांची बोटं एकदा एकमेकांवर पडली. कुणीच सॉरी म्हटलं नाही, कुणीच हात काढला नाही, आणि त्या सिनेमाचा शेवट काय होता ते टिल्डीला अजून माहीत नाही.

एका रविवारी बाहेर पायऱ्यांवर बसून ती म्हणाली, "तुझ्या लक्षात आलंय? आपल्यासारख्या गावाचा कुठलाही सिनेमा घे, शेवटी कुणीतरी बसमध्ये चढतं. आणि कॅमेराही मेला त्याच्याबरोबर निघून जातो! मागे राहिलेल्याचं काय झालं ते कुणी दाखवतच नाही."

"काय होतं त्याचं?"

"घरी जाऊन भांडी घासतं. दुसरं काय?"

ती हसली, पण लाइल हसला नाही.

"तुझं कोण गेलं?"

"कोण नाही ते विचार. भाऊ गेला, वर्गातल्या सगळ्या मैत्रिणी गेल्या. प्रत्येकाला मीच सोडायला जाते. डबा करून देते, हात हलवते."

"थांब म्हणाली नाहीस कुणाला?"

टिल्डीने चपलेच्या टोकाने पायरीवरची वाळू सारली. "इथे थांब असं कुठल्या तोंडाने म्हणायचं? काय आहे इथे? गवत आणि वारा." बोलून गेल्यावर तिला स्वतःचाच राग आला.

जूनच्या पहिल्या आठवड्यात लाइल कचेरीत आला. टोपी हातात नुसती फिरवत राहिला.

"काकांचा फोन आला होता. विहिरी खणायची कंपनी आहे त्यांची. परत ये म्हणतात, कंपनीच सांभाळ म्हणतात... सोमवारी सकाळी उत्तर द्यायचंय."

"छान की," टिल्डी म्हणाली. ही तिची सवयच.

"त्याआधी तुझ्याशी बोलायचंय. इथे नको. शनिवारी येशील? रेषेवरच्या पाटीपाशी, त्या कॉटनवुडच्या झाडाखाली टेबल आहे ना, तिथे. सातला."

"येईन," टिल्डी म्हणाली. तो गेल्यावर पाच मिनिटं ती हातातला कागद उलटा धरून वाचत होती.

शनिवारी तिने तीन ब्लाउज बदलले आणि चौथ्यांदा पहिलाच घातला. कापलेल्या गवताचा वास गाडीत भरत होता, ऊन अजून चांगलं वर होतं. झाडाखाली पोचली तेव्हा तिथे कुणी नव्हतं. ती टेबलावर बसली. कॉटनवुडचा कापूस उडून तिच्या केसांत अडकत होता. अर्धा तास गेला, मग एक तास गेला. तिथे फोनला रेंज नाही, आणि रेंज असती तरी तिने केला नसता. तो आला नाही म्हणजे त्याचं ठरलं, एवढं तिला कळत होतं. घरी जाऊन तिने खरोखरच भांडी घासली. स्वच्छ भांडीसुद्धा.

रविवारी लाइल सिनेमाला आला नाही. टिल्डी चिलीत चमचा नुसता फिरवत बसली.

"आज पवनचक्कीवाला कुठाय?" बर्डीनबाईंनी विचारलं.

"जाणार आहे तो. काल भेटायचं ठरलं होतं, आला नाही. तासभर बसले मी रेषेवर."

"आला नाही कसा?" कॉयने मान वर केली. "मी पाहिलं ना त्याला. त्याच टेबलावर! इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. मी हात केला तर त्याचं लक्षच नव्हतं."

टिल्डीचा चमचा थांबला. "किती वाजता?"

"सव्वासात असतील."

"कुठले सव्वासात?"

"आपले. पुढचे."

बर्डीनबाईंनी हातातला रोल खाली ठेवला आणि चष्म्यावरून पाहिलं. वर्गात उत्तर चुकलं की त्या अशाच पाहायच्या. "टिल्डी, कुठले सात ठरले होते?"

"तो पलीकडे राहतो, सात तो म्हणाला... म्हणून मी त्याचे धरले. मी आपल्या आठला गेले, बाई."

"आणि तो तुझ्या कचेरीत उभा राहून म्हणाला, म्हणून त्याने तुझे धरले."

"विचारलं नाहीस?" कॉय ओरडला. "तू? त्या सिनेमातल्या बाईला तू केवढी बोलली होतीस!"

"धीरच झाला नाही रे! मला वाटलं, हिशेबीपणा केला तर... सगळं विरून जाईल." टिल्डी उठून उभी राहिली होती. "कुठाय तो आत्ता?"

"हॉर्स्टच्या शेतावर," कॉय म्हणाला. "चक्की बंद पडलीय, गुरं पाण्याशिवाय आहेत. आता इथे काय उभी आहेस? पळ!"

चाळीस मैल. वाटेत समोरून एकच गाडी आली. चालकाने इथल्या रीतीप्रमाणे स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून रामराम केला, आणि टिल्डीने आयुष्यात पहिल्यांदा उलट बोट उचललं नाही. तिला आता फक्त एवढंच समजत होतं की उद्या सकाळी एक फोन होणार आहे, आणि त्याच्या आत तिला एक शब्द म्हणायचा आहे. तो म्हणायची तिला भयंकर भीती वाटत होती.

लाइल तीस फूट उंच, चक्कीच्या माथ्यावर फळीवर उभा होता. खाली तहानलेल्या गाई हौदाभोवती हंबरत होत्या. दूर गोठ्याच्या दाराशी म्हातारा हॉर्स्ट, त्याची बायको आणि दोन गडी दुरुस्तीकडे डोळे लावून उभे होते. वारा असा की बोललेलं अर्धं उडून जावं.

"लाइल!"

त्याने खाली पाहिलं. चेहरा कोरडा होता. "काल नाही आलीस."

"आले होते! आठला! तुझे सात धरून!"

"माझे?" त्याच्या हातातला पाना तसाच राहिला. "मी तुझे धरले होते! पाऊण तास बसलो. म्हटलं, हेच तिचं उत्तर."

"मीही तेच म्हटलं!"

मग वर तो हसायला लागला, खाली ती हसायला लागली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांना धारा लागल्या. वाऱ्यामुळे, असं तिने नंतर बर्डीनबाईंना सांगितलं. त्यांनी अर्थातच विश्वास ठेवला नाही.

"काय बोलायचं होतं तुला?" तिने ओरडून विचारलं.

"विचारायचं होतं, काकांना काय सांगू!"

आता हसू थांबलं. इतकी वर्षं ज्यांना ज्यांना ती सोडायला गेली, ते सगळे तिच्या डोळ्यांपुढून गेले. त्याच्या गावी त्याची माणसं होती, अख्खी कंपनी होती. इथे गवत आणि वारा. डबा करून द्यावा, हात हलवावा, सवय होतीच. पण या माणसाशिवाय तिला रविवार नको होता, सोमवारही नको होता. तिने दोन्ही हातांनी शिडीचा गज घट्ट धरला.

"राहा," ती म्हणाली.

"काय? ऐकू नाही आलं!"

"राहा इथे!"

लाइलने कानाला हात लावला. "वारा फार आहे! मोठ्याने!"

"राहा रे!" टिल्डीने बेंबीच्या देठापासून आरोळी ठोकली. "मला तू हवा आहेस! जाऊ नकोस, राहा!"

गाई दचकून मागे सरल्या. गोठ्याच्या दारातून म्हातारा हॉर्स्ट दोन्ही हातांचा कर्णा करून ओरडला, "अरे गाढवा, राहा म्हणतेय ती! आम्हाला इथवर ऐकू आलं!"

लाइलने ब्रेक सैल केला, शेपटी उघडली. चाक एकदा कुरकुरलं आणि वाऱ्याकडे तोंड करून फिरू लागलं. पंपाचा दांडा खालीवर व्हायला लागला, आणि लाइल झपाझप शिडी उतरून तिच्यापुढे येऊन उभा राहिला. हात कोपरापर्यंत काळे, म्हणून तो ते बाजूला धरून होता.

"खरंच ऐकू आलं नव्हतं?" टिल्डीने विचारलं.

"पहिल्याच वेळी आलं होतं," तो म्हणाला. "पण मला आजवर हे कुणी म्हटलं नव्हतं, टिल्डी... म्हणून म्हटलं, तीनदा ऐकावं."

"नालायक!" ती म्हणाली, आणि ते काळे हात स्वतःच ओढून तिने आपल्या पाठीमागे घेतले.