लाखेचा एकच डाग

लिफाफ्यात कोरा कागद निघाला.

ॲडव्होकेट शोभाताई गजभिये यांनी तो उलटून पाहिला. खिडकीशी नेऊन उजेडात धरला. वर छापलेलं होतं, ‘डॉ. म. वि. केळापुरे, सर्जन, महाल, नागपूर’. त्याखाली एक अक्षरही नव्हतं.

समोरच्या बाकावर देवाजी पराते आणि त्याची बायको तुळसाबाई बसली होती. खाप्याहून सकाळच्या एस.टी.नं दोघं आली होती. देवाजी विणकर. तुळसाबाईही विणकरच होती. चार वर्षांपासून तिला मागावर बसता येत नव्हतं.

“हे कसं झालं, बाई?” देवाजी उठून उभा राहिला. “तीन वर्सं पेटीत कुलूप लावून ठेवला होता!”

“बसा, देवाजीभाऊ. आत काय असायला हवं होतं?”

“डॉक्टरसाहेबांनी सगळं लिहून देल्लं होतं. हिच्या पोटातून काय निघालं ते. म्हणे, वकिलासमोरच फोडजा. आधी फोडला तर कोर्ट मानत नाही.”

“लिफाफा बंद कोणी केला?”

“त्यांनीच. आमच्यासमोर. मेणबत्तीवर लाख वितळवली, आपल्या आंगठीचा शिक्का मारला. झाकणावर माही सही घेतली.”

शोभाताईंनी लिफाफा पुढे केला. “सही तुमचीच?”

“माहीच.”

“लाख आत्ता मी फोडली. त्याआधी तडा होता?”

“नाही.” देवाजी बाकावर टेकला. मग दात खाऊन म्हणाला, “हे जयवंताचंच काम आहे.”

तुळसाबाईनं मान खाली घातली. जयवंता तिचा धाकटा भाऊ. चांदेकर नर्सिंग होममध्ये वॉर्डबॉय होता. आणि सगळं सुरू झालं होतं ते त्याच नर्सिंग होममध्ये.

शोभाताईंनी वही उघडली. “पहिल्यापासून सांगा.”

मार्च १९७१. धंतोलीतल्या डॉ. चांदेकरांनी तुळसाबाईच्या पोटातली गाठ काढली. टाके सुकले, पण ताप उतरेना. अकरा महिने ती अंथरुणात. पोट फुगायचं, जखमेतून पू यायचा. चांदेकर म्हणायचे, अशक्तपणा आहे, दूध द्या.

“मग केळापुरे डॉक्टरांकडे कोणी पाठवलं?”

“कोणीच नाही. ते दर ऐतवारी खाप्याले फुकट तपासायले येत. एक दिवस आमच्याच घरी आले. हिच्या पोटाले हात लावला अन् आपल्या गाडीत घालून नागपूरले आणलं. त्याच दिवशी पोट उघडलं.”

“तुम्ही बोलावलं होतं त्यांना?”

“नाही. कोणं तरी सांगतलं असन.”

“एक्स-रे? रक्त-लघवी?”

“काहीच नाही. एक पैसाही घेतला नाही त्यांनी.”

“आत काय निघालं?”

“कपडा, बाई! ट्रेमध्ये दाखवला मले. आधी म्हणाले, गाठ आहे. मी म्हटलं, साहेब, गाठीले काठ असते का? काठ दुमडून शिवला होता, कोपऱ्याले नाडी होती. सारा जन्म मागावर गेला माहा. मले कपडा नाही समजत?”

“मग काय म्हणाले?”

“ट्रे झाकून ठेवला. मग माह्या खांद्यावर हात ठेवला. म्हणे, देवाजी, हे चांदेकरच्या ऑपरेशनमधलं आहे. मी साक्ष देतो तुले. पण घाई करू नको, आधी बायकोले उभी कर. मग दरवर्षी जाऊन इचारत होतो. म्हणत, थांब, मी सांगतो. आता म्हणाले, शिवरात्र झाली की जा.”

शोभाताईंनी पेन खाली ठेवलं. आज चौदा मार्च १९७५. दुसरं ऑपरेशन तेरा फेब्रुवारी १९७२ चं. नुकसानभरपाईच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत. ती संपून महिना उलटला होता.

हे त्यांनी लगेच सांगितलं नाही.

“जयवंतावर संशय केव्हापासून?”

या वेळी तुळसाबाई बोलली. “केळापुरे डॉक्टरदादानंच सांगतलं. दोन वर्सं झाली. म्हणे, तुहा भाऊ चांदेकरकडे लागला, जपून राय. घरातले कागद तिकडे जातीन.” तिनं पदर सारखा केला. “त्याच पोळ्याले आला होता. मी दार नाही उघडलं.”

“मग त्यानंतर तो घरात आलाच नाही?”

“नाही.”

“आणि पेटीची किल्ली?”

तिनं गळ्यातल्या काळ्या दोऱ्याला हात लावला. किल्ली तिथंच होती.

दोघं गेल्यावर शोभाताईंनी टेबलावर दोन कोरे लिफाफे घेतले. दोन्हींत एकेक कागद घातला. मेणबत्ती पेटवून दोन्हींवर लाख लावली. एक तसाच ठेवला. दुसरा उघडला, कागद बदलला, पुन्हा लाख लावली.

मग दोन्ही फोडून पाहिले. नंतर देवाजीच्या लिफाफ्यातला कोरा कागद भिंगाखाली धरला. 

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या जयवंताला भेटल्या. नर्सिंग होमच्या मागच्या अंगणात तो चादरी वाळत घालत होता. पंचविशीतला, हडकुळा.

“मी तुझ्या बहिणीची वकील. काही विचारायचं आहे.”

त्यानं हातातली चादर तशीच धरली. “ताई बरी आहे ना?”

“बरी आहे. तू इथं कसा लागलास? जिथं बहिणीचं वाटोळं झालं, तिथंच?”

“मले काय हौस होती? काम नव्हतं. केळापुरे डॉक्टरांनी चिठ्ठी देल्ली. म्हणे, चांदेकर माह्या ओळखीचे आहेत, नाही म्हणणार नाहीत.”

“चिठ्ठी केळापुऱ्यांनी दिली? नक्की?”

“माह्या हातात देल्ली. मी म्हटलं, ताईले आवडणार नाही. ते म्हणाले, ताईले मी समजावतो.” त्यानं चादर दोरीवर टाकली. “काय समजावलं कोणाले ठाऊक. तिनं दारच लावून घेतलं.”

शोभाताईंनी त्याला काही सांगितलं नाही. फक्त विचारलं, “चार वर्षांपूर्वी इथं ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर कोण होती?”

“चारुलता सिस्टर. आता रिटायर झाल्या. कोराडीले लेकाकडे राहतात, पॉवर हाउसच्या क्वार्टरमध्ये.”

कोराडीची बस दुपारी रिकामीच होती. सिस्टर चारुलता व्हरांड्यात होत्या. वाळत घातलेल्या पातळावर राखेचा करडा थर होता, त्या ते झटकून पुन्हा टाकत होत्या. तुळसाबाईचं नाव ऐकताच त्यांचे हात थांबले.

“खाप्याची ना? आहे का ती?”

“आहे. आतडं कापावं लागलं. मूल होणार नाही. वाकता येत नाही.”

सिस्टर खाली बसल्या.

“पोट शिवायच्या आधी मी रक्त टिपायचे कपडे मोजले होते. बारा दिले होते, अकरा परत आले. मी म्हटलं, एक कमी आहे.”

“डॉ. चांदेकर काय म्हणाले?”

“ते नव्हतेच. गाठ काढली आणि दुसऱ्या केसला निघून गेले. शिवण असिस्टंटवर सोपवली.”

“असिस्टंट काय म्हणाला?”

“म्हणाला, सिस्टर, तुमची मोजणी चुकली, रजिस्टरमध्ये बारा लिहा. मी दोनदा सांगितलं. तो चिडला. घाईत होता. दिवसा सरकारी नोकरी होती त्याची. खाजगीत काम करायला मनाई, म्हणून संध्याकाळी चोरून यायचा. पकडला गेला असता तर नोकरी गेली असती. पुढे त्याच वर्षी ती सोडून स्वतःचा दवाखाना टाकला त्यानं.”

“आणि तुम्ही लिहिलं?”

“लिहिलं.” त्यांनी पदर डोळ्यांना लावला. “पण मन खाई. दहा महिन्यांनी मीच त्याला म्हटलं, खाप्याची ती बाई अजून तापानं फणफणली आहे. जाऊन बघा एकदा. नाहीतर मी तोंड उघडीन.”

“त्याचं नाव सांगाल?”

“सांगते. लिहूनही देते. कोर्टातही येईन. या वयात आता मला कोणाची भीती?”

त्यांनी नाव लिहिलं, खाली सही केली. शोभाताईंनी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. त्या नावाचं त्यांना नवल वाटलं नाही.

सोमवारी दुपारी तिघं महालातल्या दवाखान्यात शिरली. डॉ. केळापुरे उठून उभे राहिले.

“ये, तुळसाबाई. तब्येत कशी? वकील मिळाल्या वाटतं?”

“मिळाल्या,” शोभाताई म्हणाल्या. “लिफाफाही फोडला. आत कोरा कागद होता.”

“अरेरे!” केळापुऱ्यांनी कपाळावर हात मारला. “मी सांगत होतो. तो भाऊ...”

“भावाचं नंतर बोलू. लाख गरम असते, डॉक्टर. लिफाफ्यावर टाकली की तिचा तेलकट डाग आतल्या कागदावर उमटतो. पाकीट उघडून पुन्हा बंद केलं तर लाख दोनदा पडते आणि पाकिटावर डाग दोन ठिकाणी दिसतात. कागद बदलला तर त्याच्यावरचा डाग पहिल्या लाखेखाली येत नाही. मी करून पाहिलं. या पाकिटावर आणि कागदावर एकेकच डाग आहे, बरोबर तुमच्या शिक्क्याखाली. म्हणजे लाख पडली तेव्हा हाच कागद आत होता. तो कोणी बदलला नाही. तुम्हीच कोरा घातला.”

देवाजी डॉक्टरांकडे पाहत राहिला.

“मी घाईत चुकीचा कागद...”

“घाई तुम्हाला फार नडते. तुळसाबाईला तुमच्याकडे कोणी पाठवलं नव्हतं. तुम्ही स्वतः तिच्या घरी गेलात. तपासणी नाही, एक्स-रे नाही, पोटाला हात लावला आणि त्याच दिवशी उघडलं. आत काय आहे हे तुम्हाला आधीच माहीत होतं.”

“अनुभवावरून कळतं.”

“कळलं होतं तर देवाजीभाऊंना आधी गाठ का म्हणालात? गुपचूप काढून विषय संपवायचा होता. पण समोर विणकर होता, त्यानं काठ ओळखला. तेव्हा तुम्ही बेत बदललात. खोटं चालेना, म्हणून मित्र झालात. साक्ष देतो म्हणालात, म्हणजे ते दुसरीकडे जाणार नाहीत. थांब म्हणालात, म्हणजे तीन वर्षांची मुदत निघून जाईल. जयवंताला चांदेकरांकडे तुम्हीच चिकटवलंत आणि इकडे येऊन सांगितलंत की त्याच्यापासून जपा. कागद कोरा निघाला की दोष द्यायला माणूस तयार.”

त्यांनी सिस्टरचा कागद टेबलावर ठेवला. “चांदेकर निघून गेल्यावर हिचं पोट कोणी शिवलं, ते यात लिहिलं आहे. डॉक्टर केळापुरे, ते नाव तुमचं आहे.”

पंखा फिरत होता. केळापुऱ्यांनी कागद उचलून वाचला.

शेवटी केळापुरे खुर्चीत बसले. “मी तिचा जीव वाचवला,” ते हळू म्हणाले. “नसतो गेलो तर मेली असती ती. आणि आता मुदतही संपली आहे. कोर्टात जाऊन काय मिळणार?”

“ती संपलीच नाही. प्रतिवादीनं कपट करून दाव्याचा आधारच लपवला असेल, तर कपट उघड होईल त्या दिवसापासून मुदत मोजतात. तसं कलम आहे. न्यायाधीशांना ते पटवून द्यावं लागेल, पण ही लपवाछपवीच आमचा पुरावा आहे. तुम्ही सरळ बोलला असता आणि हे नवरा-बायको गप्प बसले असते, तर आज सुटला असता. दावा तुमच्यावर होईल आणि तुम्हाला कामाला लावणाऱ्या चांदेकरांवरही. मेडिकल कौन्सिलकडे तक्रार जाईल. पोलिसांतही, कारण तिथली मुदत गुन्हेगार कळल्यापासून धरतात, आणि निष्काळजीपणा कोणाचा हे आम्हाला परवा कळलं.”

केळापुरे तुळसाबाईकडे वळले. “तू मला दादा म्हणत होतीस.”

“हो. तुमच्या शब्दावर मी सख्ख्या भावाले दाराबाहेर ठेवलं. पोट तर तुम्ही दोनदा शिवलं. दुसऱ्यांदा काढलं ते बरं केलं. पण हे जे केलं ना, हे कोण काढन?”

ती उठली आणि बाहेर निघून गेली.

दावा पाच वर्षं चालला. सिस्टर चारुलता काठी टेकत साक्षीला आल्या. दावा मुदतीत आहे असं न्यायालयानं मानलं आणि दोन्ही डॉक्टरांना जबाबदार धरलं. कौन्सिलनं केळापुऱ्यांचं नाव डॉक्टरांच्या नोंदवहीतून दोन वर्षांसाठी काढलं. फौजदारी खटल्यात ते संशयाचा फायदा मिळून सुटले.

पण तुळसाबाईचा खरा निकाल त्या सोमवारीच लागला. दवाखान्यातून ती थेट जयवंताच्या खोलीवर गेली. गड्डीगोदामात, रेल्वेच्या रुळाजवळ. देवाजी आणि शोभाताई बाहेर थांबले. त्यानं दार उघडलं, तिला आत घेतलं, सतरंजी टाकली, पाण्याचा तांब्या समोर ठेवला. तिनं सगळं सांगितलं. 

ती रडायला लागली तेव्हा तो म्हणाला, “मी कोर्टात येईन. नोकरी गेली तरी येईन. पण एक सांग, ताई. त्यानं सांगतलं अन् तू मानलं. मले एक डाव इचारावं, असं काहून नाही वाटलं तुले?”

बाहेर देवाजीनं ते ऐकलं. तो दारात आला नाही.

तुळसाबाई तांब्या हातात धरून बसून राहिली, आणि जयवंतानंही पुन्हा विचारलं नाही.