सोनूच्या मुखवट्याला कान नव्हते

विश्वास ठेवा, असं मी म्हणणार नाही. ज्यांना हे खोटं वाटेल त्यांनी मे महिन्यात, भर दुपारी, पोंभुर्ण्याच्या पुढच्या जंगलातून पायी जाऊन दाखवावं. परत आलात तर कमेंट करा.

हे माझ्या मावसबहिणीसोबत घडलं. करिश्मा तिचं नाव. मागच्या वर्षीची एक मे, शाळेच्या निकालाचा दिवस.

रात्र नव्हती. अमावस्या नव्हती. टळटळीत दुपार होती.

भुतं रात्रीच निघतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी चंद्रपूर जिल्ह्याची दुपार पाहिलेली नाही. त्या वेळी रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. जे असतं, त्याला ऊन लागत नसतं.

करिश्मा तिकडच्या एका सातवीपर्यंतच्या शाळेत शिकवते. शाळा गावात आणि काही पोरं जंगलापलीकडच्या टोल्यावरची, म्हणजे लहानशा वस्तीवरची. मधली वाट सागाच्या जंगलातून जाते. त्या जंगलात वाघ आहे. असेल असं नाही, आहेच. हजेरीपटावर नाव नाही एवढंच, बाकी तो शाळेच्या वाटेवर पोरांपेक्षा नियमित असतो.

वाघ मागून झडप घालतो. चेहरा दिसला तर बिचकतो म्हणतात. म्हणून वनखात्यानं त्या गावात मुखवटे वाटले होते, डोक्याच्या मागच्या बाजूला बांधायचे. सगळ्यांवर एकच मिशीवाला, हसरा माणूस. तो कोण, हे कुणालाच ठाऊक नाही. पण मागून बघितलं तर अख्खं गाव सख्खे भाऊ दिसायचं. बायासुद्धा.

पोरांच्या डोक्याला ते मोठे व्हायचे, घसरून मानेवर यायचे. मग करिश्मानं कार्यानुभवाच्या तासाला तेलाच्या खोक्यांचे पुठ्ठे कापले आणि म्हणाली, “आपले आपण बनवा. ज्याचा धाक वाटतो त्याचा चेहरा काढा.”

निम्म्या वर्गानं हेडमास्तर काढले. हेडमास्तर म्हणजे चंदन सर. त्यांनी ते वर्षअखेरच्या प्रदर्शनात लावले, आणि वर स्वतःच्या हातानं लिहिलं, ‘आदर्श व्यक्तिमत्त्व’.

सातवीतल्या सोनूनं मात्र बाप काढला.

त्याचा बाप, लालसू. मोहफुलं वेचायला वाकला होता, तेव्हा वाघानं मागून धरला. त्याला दोन उन्हाळे झाले. घरात फोटो एकही नव्हता. सोनूनं आठवून आठवून काढलं. एक डोळा मोठा, एक बारीक. मिशी गालावरून निघून थेट पुठ्ठ्याच्या काठापर्यंत गेलेली. तोंड म्हणजे एक सरळ रेघ.

“कान कुठं आहेत रे?” करिश्मानं विचारलं.

“पुठ्ठा सरला, मॅडम.”

वर्ग हसला. तीही हसली.

हे हसणं लक्षात ठेवा.

एक मेला झेंडावंदन झालं. निकाल लागला. सातवीचा निरोप समारंभ झाला. चंदन सर भाषणात रडले, कारण ते दरवर्षी तिथंच रडतात. पोरांना बुंदी मिळाली. मुखवट्यांत पहिला नंबर सोनूचा, त्याला कंपासपेटी मिळाली.

पण सोनू गप्प. पुढच्या वर्षी तो आश्रमशाळेत जाणार होता, घर सोडून. करिश्मानं त्याला बाजूला घेतलं.

“फर्स्ट क्लासमध्ये पास झालास, मग तोंड काऊन पाडलं?”

“मॅडम...” सोनू पायाच्या अंगठ्यानं माती उकरत म्हणाला, “बाबाले कोन सांगन, मी पास झालो म्हून?”

तिनं त्याला आणखी बुंदी दिली. मास्तर लोकांकडं अशा प्रश्नांना एवढंच उत्तर असतं.

पोरांना न्यायला रोज टोल्यावरचं कुणीतरी यायचं. त्या दिवशी सगळे तेंदूपत्ता तोडायला गेलेले. वाट बघून बघून शाळा रिकामी झाली. शेवटी करिश्माच म्हणाली, “चला, मी सोडते.”

सोनूच्या आईला, सोमारीला, तिनं सकाळीच शब्द दिला होता. कुणी न्यायला आलं नाही, तर सोनूला हाताला धरून घरी आणीन.

निघाले.

जंगलात चालायची पोरांची रीत ठरलेली. मोठं पोरगं पुढं, बारके मध्ये, मोठं माणूस मागं. सोनू सगळ्यांत पुढं, मग निकेश, स्वाती आणि बाकीची चिल्लीपिल्ली. शेवटी करिश्मा. प्रत्येकाच्या डोक्यामागं मुखवटा. म्हणजे सगळी पोरं पुढं चाललेली, आणि सगळे चेहरे हिच्याकडं बघत असलेले. त्यात तीन हेडमास्तर.

सागाचं पान उन्हाळ्यात पापडासारखं होतं. पाऊल टाकलं की कडाड् वाजतं. सगळी ओळ वाजत चालली होती.

मग वानरं खेकसली. एकदाच.

आणि गप्प झाली...

“मॅडम, वाघ असन का?” निकेशनं विचारलं.

“नाही रे. त्यांचाही आज निकाल असेल.”

कुणी हसलं नाही. एका वळणावर ओळ विस्कटली, मग पुन्हा लागली. करिश्मानं मान उंचावून पाहिलं, तर पुढं निकेश.

सोनू नव्हता.

“सोनू कुठी गेला?”

“म्होरंच होता न, मॅडम.”

तिनं डोळ्यांवर हात धरून वाटेच्या टोकाला बघितलं. उन्हाच्या झळांनी वाट पाण्यासारखी हलत होती. आणि तिथं, दूर...

मुखवटा दिसला. एक डोळा मोठा, एक बारीक, काठापर्यंत गेलेली मिशी.

तिनं श्वास सोडला. चेहरा आपल्याकडं आहे, म्हणजे पोरगा पुढं चालला आहे. आपल्याच नादात लांब गेला असेल.

“सोनू! थांब!”

तो थांबला नाही. वळलाही नाही.

“सोनू, थांब म्हणते ना!”

मुखवटा तसाच. जरा उंच वाटत होता. पण झळांमध्ये माणूस लांबट दिसतो, हे तिनं स्वतःच विज्ञानाच्या तासाला शिकवलं होतं. ती पोरांना घेऊन भराभर निघाली. त्याला गाठायचं म्हणून.

थोडं चालल्यावर तिच्या ध्यानात आलं, की अंतर फारच लवकर कमी होतंय.

फारच...

जणू तो पुढं जातच नव्हता.

जणू तो येत होता.

आणि पानं वाजत नव्हती. पोरांच्या पायाखाली कडाड् कडाड् चाललेलं. तिकडून आवाजच नाही.

तेवढ्यात अगदी पाठीमागून, तिच्या खांद्याच्या उंचीवरून आवाज आला...

“मॅडम, थांबा ना. मी मांगं हावो. लघवीले गेलतो.”

करिश्मा मागं वळली.

मागं सोनू. हातात कंपासपेटी. मुखवटा त्याच्या डोक्यामागं जागच्या जागी.

मग पुढं कोण?

तिनं आधी चेहऱ्याकडं बघितलं नाही. खाली बघितलं. भुताचे पाय उलटे असतात, हे आपण लहानपणापासून ऐकतो. तिनं देवाकडं मागणं मागितलं की पाय उलटे असू दे. टाचा आपल्याकडं असू दे. म्हणजे तो निदान जात असेल.

पाय सरळ होते.

बोटं हिच्याकडं होती.

आता ते जवळ आलं होतं. पोराचं नव्हे, पुऱ्या माणसाचं अंग. आणि त्यावर तो चेहरा. पुठ्ठा नव्हता, बांधायची सुतळी नव्हती. चामडीवरच एक डोळा मोठा, एक बारीक. तोंडाच्या जागी सरळ रेघ. आणि डोक्याच्या दोन्ही बाजू सपाट... कान नसलेल्या.

पोरानं जसा आठवला, तसाच तो आला होता.

“बाबा!” सोनू ओरडला आणि धावला.

करिश्मानं त्याचं मनगट धरलं. पुढं महिनाभर तिचा खांदा दुखत होता, इतकं पोरगं ओढत होतं.

“सोडा न, मॅडम! बाबा व्हय तो! बाबा, मी पास झालो! फस्ट क्लासात!”

त्यानं ऐकलं नाही. कसं ऐकणार?

ते थांबलं. आणि तसंच, पान न वाजवता, हळूच वळलं. पाठ यांच्याकडं केली.

मागची बाजू कशी होती, ते करिश्मानं मला आजवर नीट सांगितलेलं नाही. एवढंच म्हणाली, “मुखवटा बांधायला तिथं जागाच उरली नव्हती रे.”

आणि मग ते पुढं चालू लागलं. टोल्याच्या दिशेनं.

वाट एकच होती. परत फिरावं असं तिला वाटलं. तिनं पाऊल मागं टाकलं, आणि तेव्हाच मागून आवाज आला...

कडाड्.

एकच पान. जड पायाखालचं.

ती थांबली. मागचंही थांबलं.

पुढं ते. मागं हे. मध्ये पोरं आणि तीन हेडमास्तर.

“एकमेकाची अंगी धरा,” ती हळूच म्हणाली. “कोणी मागं बघू नका. चेहरे आपलं काम करतील.”

चालले. यांनी पाऊल टाकलं की मागं पान वाजायचं. स्वाती न रडता, आवाज न करता, नुसते ओठ हलवत पाढे म्हणत होती. सोनू मात्र वाटभर पुढच्या पाठीला ओरडून सांगत होता. गणितात किती मिळाले. कंपासपेटी मिळाली. पुढच्या वर्षी आश्रमशाळा. त्याचा घसा बसला. ते एकदाही वळलं नाही.

टोल्याच्या हद्दीवर देवाचे दगड मांडलेले आहेत. तिथवर ते दिसत होतं. दगडांशी पोचले...

तर पुढं नुसती वाट.

मागंही शांत.

नुकत्याच घरी परतलेल्या सोमारीनं पोराला कवटाळलं. करिश्माच्या हातातून मनगट मात्र सुटेना, बोटं एकेक करून उघडावी लागली.

तेंदूपत्त्यावरून परतलेला डोमा, टोल्यातला सगळ्यांत म्हातारा माणूस, जंगलातली वाट तपासून आला. धुळीत पोरांची पावलं होती. त्यावर वाघाचे पंजे. पार दगडांपर्यंत. पुढच्या माणसाचं पाऊल कुठंच नव्हतं.

“बाई,” डोमा म्हणाला, “वाघानं खाल्लेला मानूस वाघाच्या म्होरं चालते. त्याले रस्ता दाखवते.”

“म्हणजे त्यानं वाघाला आमच्याकडं आणलं, का आम्हाला वाघापासून वाचवलं?”

डोमानं बिडी विझवली. “ते मले काय मालूम? त्यालेच इचारा लागन.”

आणि जाता जाता म्हणाला, “पन त्याले आयकू येत नाई म्हन्ते पोट्टा.”

करिश्मा दुसऱ्याच दिवशी चंद्रपूरला आमच्याकडं आली. मला हे सगळं सांगितलं. मी हसलो. तीन हेडमास्तरांवर जास्त हसलो.

मग एका दुपारी तिचा फोन वाजला. बाहेर चिटपाखरू नव्हतं. मी शेजारीच होतो. तिनं स्पीकर लावला.

“मॅडम, मी सोनू. टेकडीवरून बोलून राह्यलो, इथीच टावर भेटते.”

“बोल रे. बरा आहेस ना?”

“हो. मॅडम, मी मुखवट्याले कान लावले. नवीन पुठ्ठा भेटला.”

करिश्माचा चेहरा पडला.

“आता आयकते तो,” सोनू खुशीत म्हणाला. “मी सांगतलं, पास झालो म्हून. त्यानं मान हालवली. रोज दुपारी येते. आईले दिसत नाई.”

“सोनू, ऐक. तो मुखवटा डोमाबाबाजवळ दे. आत्ताच जा. आणि त्याला आणखी काही काढू नको. ऐकतोस ना?”

नुसता वारा.

“पन मॅडम... त्याले बी काई सांगाचं असन न? म्हून मी सकाळी तोंड उघडलं. रेघ होती न, ती कैचीनं कापली.”

“सोनू, तू एकटा आहेस का तिथं?”

उत्तराआधीच फोनमधून आवाज आला. आम्ही दोघांनी ऐकला...

कडाड्.

एक जड पाऊल. वाळल्या पानावर.

आणि मग, फोनच्या अगदी जवळून, सोनूचा नसलेला एक आवाज. पुठ्ठ्यावर पुठ्ठा घासावा तसा. पहिल्यांदाच बोलायला शिकत असलेल्या माणसासारखा, थांबत थांबत...

“म्या...डम.”

फोन कटला.

सोनू सुखरूप आहे. आश्रमशाळेत आहे, जेवतो, खेळतो, पहिला नंबर काढतो. त्या दुपारी टेकडीवर काय झालं ते सांगत नाही. मुखवटा कुठं गेला तेही सांगत नाही. डोमाला तो मिळाला नाही.

विदर्भातल्या शाळा जून सरता सरता उघडतात. करिश्मा त्याच शाळेत परत गेली. दुसरी नोकरी कोण देतो? कार्यानुभवाच्या तासाला आता ती फक्त कागदाची फुलं करून घेते, आणि पोरांच्या चित्रांना हसत नाही.

मीही आता हसत नाही. दुपारचा बाहेरही निघत नाही.

एकच गोष्ट मला आजवर उलगडलेली नाही. त्याला बोलता आलं, तेव्हा त्यानं पोराचं नाव घेतलं नाही.

तिला हाक मारली.