ओट्याची उंची

कणीक मळता मळताच रेखाताईंनी सांगून टाकलं, तिकीट काढलंय, पुढच्या महिन्यात आपण पुण्याला परत जाणार... कायमच्या! सिंकवर वाकलेला कुमार भांडी घासतच राहिला.

आई गेल्यावर या धाकट्या भावाला त्यांनीच वाढवलं होतं. आपला पाय पोलिओने अधू असूनही चालून आलेलं एकुलतं एक स्थळ त्याच्या शिक्षणापायी परतवलं होतं. आठ वर्षांपूर्वी, अठ्ठ्याहत्तर साली, त्याने हट्टाने अमेरिकेला बोलावून घेतलं खरं, पण आता त्याच्या संसारात आपली अडचणच होते, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. आपण गेलो की हे नवरा-बायको ट्रॉयच्या उपनगरात नवं घर घेतील. नाहीतरी डेट्रॉइटजवळच्या या सत्तर वर्षांच्या लाकडी बंगल्याला कुमार उठता-बसता नावं ठेवायचा. ओटा तर इतका बुटका, की उभ्याने काम करणाऱ्याची कंबर धरावी! बांधणाऱ्याला मापच कळत नव्हतं, म्हणायचा. स्टुलावर बसून रांधणाऱ्या रेखाताईंना मात्र तो अगदी हाताशी यायचा.

तेवढ्यात बेल वाजली. दारात एल्सी नावाची म्हातारी बाई. हे घर तिच्या सुतार वडिलांनी बांधलेलं, एकदा आतून बघू का, विचारत होती. कुमारची बायको दीपा हौसेने तिला घर दाखवू लागली. एकही खिळा न दिसणारी ओकची कपाटं, खिडकीतली बाकं... रेखाताईही काठी टेकत कुतूहलाने मागे मागे.

स्वयंपाकघरात एल्सी थबकली. ओट्यावर हात फिरवत ती सांगू लागली आणि दीपा मराठीत सांगत गेली. तिची आई पायाने अधू, बसूनच पावाचं पीठ मळायची. पण कुणी कीव केलेली तिला खपत नसे. म्हणून वडील जन्मभर सगळ्यांना सांगत राहिले, की माझं माप चुकलं.

रेखाताईंनी कुमारकडे पाहिलं. त्याच्या हातातली बशी केव्हाच स्वच्छ झाली होती, तरी तो घासतच होता.

"कुमार, हे घर का घेतलंस?"

"ऑफिस जवळ पडतं म्हणून."

"काहीतरीच काय," दीपा म्हणाली, "चाळीस मिनिटं ड्राइव्ह करतोस. ताई, तुम्ही यायच्या आधी अकरा घरं रिजेक्ट केली याने. प्रत्येक किचनमध्ये टेप घेऊन शिरायचा. मला वाटायचं, इंजिनिअर आहे, मोजणारच."

रेखाताईंनी ओट्याच्या कडेवरून हात फिरवला. "आठ वर्षं बोलला का नाहीस रे?"

"बोललो असतो तर तू आली असतीस?"

नसत्या आल्या. ते दोघांनाही ठाऊक होतं.

त्यांनी पदराने डोळे टिपले, स्टूल ओढून घेतलं आणि पोळपाट पुढ्यात घेतला.

"दीपा, या एल्सीबाईंना विचार, आमटी तिखट चालेल का. आणि माझं ते तिकीट कॅन्सल कर."