मनगटावरची गाठ

थंडीत तलावातला मासा उपाशी राहतो, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. मासा खातो, मात्र तळाशी राहून, सावकाश खातो, आणि गळाला लावलेली कणकेची गोळी अशा बेताने उचलतो, की पाण्यावरचा मोरपिसाचा तरंगा बुडत नाही, केवळ शहारल्यासारखा हलतो. तो शहारा ज्याला दिसला, त्यालाच मासा मिळतो. म्हणून पवईच्या तलावावर गळ टाकणाऱ्या आम्हा मंडळींत एक शिस्त होती: थंडीच्या दिवसांत मचाणावर बसलेल्या माणसाला हाक मारायची नाही. काही सांगायचेच असेल, तर काठाने चालत जावे आणि कानाशी बोलावे.

एकोणिसशे अडुसष्ट साली फेब्रुवारी सरत आला तरी थंडी हटली नव्हती. त्या रविवारी पहाटे मी घाटकोपरला माझ्या मित्राच्या, मार्तंडच्या चाळीत गेलो, तेव्हा त्याची बायको जानकी दारातच उभी होती. मार्तंड नुकताच हिवतापातून उठला होता.

"भाऊजी, आत्ता कुठं ताप उतरलाय यांचा. तुम्ही बरोबर आहात म्हणून सोडते. नाहीतर बाहेरून कडी घातली असती."

"घाल ना," मार्तंड आतून म्हणाला, "खिडकीतून गळ टाकीन. खालच्या सरूबाई लागतील."

"ऐकलंत? भाऊजी, धड परत आणा हं."

"जेवायच्या वेळेला ताटावर आणून बसवतो," मी म्हणालो. मी शब्द सहसा देत नाही, तो दिला.

कांजूरमार्गावरून सायकलींनी आम्ही तलावावर पोहोचलो तेव्हा उजाडू लागले होते. पाण्यावर धुके इतके दाट होते, की विहारकडच्या टेकड्या नाहीशाच झाल्या होत्या. होड्यांची राखण करणारा भिकाजी कांबळ्यात गुरफटून विडी ओढत होता.

"सायबानू, घराक जावा," तो म्हणाला, "आज मासोसुद्धा गोधडी घेवन निजलो आसतलो."

गळ किती खोल सोडावा यावर मार्तंडचा आणि माझा वाद वाटेतच सुरू झाला होता. थंडीत तळाजवळचे पाणी वरच्यापेक्षा कसे वेगळे असते, हे मी त्याला क्रमाने समजावून सांगत होतो.

"वकीलसाहेब," तो म्हणाला, "माशांना मुद्दा पटलाय का, ते विचार आधी."

मी वकील नव्हतो. मरोळच्या एका कारखान्यात नकाशे काढीत असे. पण उत्तर देण्याआधीच तो आपल्या मचाणावर चढला होता, आणि शिस्तीप्रमाणे बोलणे संपले होते.

आमची मचाणे म्हणजे पाण्यात रोवलेल्या बांबूंवर बांधलेल्या फळ्या. मार्तंडचे मचाण माझ्या डावीकडे, पाणगवताच्या एका बेटापलीकडे होते. एरवी त्याची टोपी दिसे. त्या दिवशी काहीच दिसत नव्हते. मी गळ समोर, म्हणजे त्याच्यापासून दूर फेकला, काठी सावरली आणि तरंग्याकडे पाहत बसलो.

बराच वेळ काही झाले नाही. फळीवरचे दव पँटीतून मांडीला लागत होते. बोटांची टोके बधिर झाली होती. एकदा डावीकडे पाणी किंचित हलल्यासारखे ऐकू आले. पाणकोंबडी असावी, असे मी समजलो.

मग तरंगा चालू लागला.

तो बुडाला नाही, शहारला नाही. उभाच्या उभा, डावीकडे, एकाच संथ चालीने सरकत गेला, गवताच्या बेटाला वळसा घालून धुक्यात शिरला. फिरकीवरून दोरी सुटत राहिली. पळणारा मासा दोरीला धक्के देतो; हे धक्के नव्हते. तलावाला प्रवाह नसतो, आणि वारा तर पडलेलाच होता.

दोरी थांबली. मी गुंडाळू लागलो. पलीकडे वजन होते, पण जीव नव्हता.

तेवढ्यात तिकडून ओढ आली. हलकी. थांबून पुन्हा एकदा. लहान मूल गर्दीत आईच्या पदराला ओढते, तशी.

मार्तंडने आपली दोरी माझ्या दोरीत अडकवली, असा निष्कर्ष मी काढला. हाक मारायची सोय नव्हती. तणावलेली काठी मी मचाणाच्या बांबूंच्या बेचक्यात घट्ट अडकवली, खाली उतरलो आणि भांडणाची वाक्ये मनात जुळवीत काठाने निघालो.

मचाण रिकामे होते.

टोपी पाण्यावर तरंगत होती.

तो दोन बांबूंच्या मधे होता. कोट भिजून जड झालेला, डोळे मिटलेले, ओठ निळे. पाणी हनुवटीपर्यंत आले होते. त्याहून वर आले नव्हते, कारण त्याचा डावा हात डोक्याच्या वर ताणलेला होता. तो हात माझ्या दोरीने धरला होता.

मी ओरडलो. भिकाजी होडी घेऊन आला. दोघांनी त्याला काठावर घेतले, ओले कपडे काढले, कांबळ्यात गुंडाळले, छाती चोळली. मार्तंड खोकला. त्या खोकल्याइतका सुंदर आवाज मी आजवर ऐकलेला नाही.

दोरी भिकाजीच्या कोयत्याने कापली, तेव्हा तिच्याकडे माझे लक्ष गेले. गळ कुठेच रुतला नव्हता. मनगटाभोवती वेढे होते, एकाशेजारी एक, नीट बसवलेले, आणि शेवटी गाठ होती. दोरी आपोआप गुंडाळली गेली, असे पुढे अनेकांनी मला सांगितले. वेढे आपोआप पडतात, हे मी मान्य करतो. गाठ पडत नाही. ती मार्तंडने मारली म्हणावे, तर स्वतःच्या मनगटावर एका हाताने ती मारता येत नाही. मी घरी पुष्कळ दिवस प्रयत्न करून पाहिला आहे. दवाखान्यातल्या डॉक्टरांच्या मते तो घेरी येऊन पडला असावा. मार्तंडला काहीही आठवत नव्हते. भिकाजीने गाठ एकदा पाहिली, पाण्याला हात जोडले आणि विडी न पेटवता तो होडीत जाऊन बसला.

त्या दिवशी जेवायला उशीर झाला. पण जानकीने ताट वाढले आणि मार्तंड त्यावर बसला.

मी देवभोळा नाही. तरीही पुढल्या फेब्रुवारीत जानकीने दिलेले घावन मी पाण्यात सोडले आणि हात जोडले. आभार मानण्यासाठी ते कोणाचे, हे कळलेच पाहिजे असे नाही, हा युक्तिवाद मला तेव्हाही निर्दोष वाटला आणि आजही वाटतो. मार्तंड हसला नाही. तो मचाणावर चढला.

उन्हे वर आल्यावर मी काठाने त्याला आणायला गेलो. त्याने काठी बाजूला ठेवली होती. फळीवर पालथा पडून त्याने डावा हात मनगटापर्यंत पाण्यात सोडला होता, आणि तो अगदी स्वस्थ दिसत होता.

"चल रे," मी कानाशी म्हणालो, "हात गारठेल."

"हो," तो म्हणाला, आणि थोडा थांबून पाण्याकडे पाहत पुटपुटला, "येतो हं."

उतरताना आधारासाठी त्याने दोन्ही हात माझ्या हातांत दिले. कोरडा उजवा हात बर्फासारखा होता. ओला डावा हात उबदार होता. बराच वेळ कोणाच्या तरी मुठीत राहिलेल्या हातासारखा.