निळ्या होडीतल्या चपला

"पुन्हा तेच पुटपुटणं! अगं, सुट्टी आहे, सुट्टी!" फीफीने पकडलेला खेकडा बादलीत टाकला. "समुद्राला फ्रेंच शिकवतेस की काय?"

"तो तरी मला हसत नाही!" अराबा म्हणाली.

फीफी तिचा मावसभाऊ, तिच्याहून वर्षाने लहान आणि दहापट वात्रट. अराबाचं दुखणं त्याला ठाऊक होतं. फ्रेंचच्या तासाला उभं राहिलं की तिची वाचाच बसायची. सहामाहीत शंभरात चौतीस! एकटी असली की मात्र शब्द कसे आपणहून यायचे. आणि आज तर मंगळवार. मंगळवारी घानाच्या या किनाऱ्यावर समुद्राची विश्रांती असते. कुणी होडी लोटत नाही, सगळे जाळी सांधत बसतात. अशा निवांत सकाळी पाण्याकडे बघत राहिलं की तिला वाटायचं, दूरच्या कुठल्या तरी किनाऱ्यावर बसून कुणीतरी असंच इकडे बघतंय. एक दिवस आपण त्याच्याशी बोलणार! हे स्वप्न तिने फीफीला मुळीच सांगितलं नव्हतं.

"अराबा, चल ना, ती निळी होडी बघू!"

होडी पहाटे आली होती, परक्या गावची. आत एकच माणूस. मंगळवारी समुद्रातून आला म्हणून एबोमामाने त्याला जाळ्यांच्या खोपटात बसवून ठेवलं होतं. संध्याकाळी पंच बसणार, होडी जप्त होणार!

होडीच्या बुडाशी भोक होतं आणि त्यात चिंध्या कोंबल्या होत्या. फीफीने जाळं चाचपलं. "अगं, हे तर कोरडं ठणठणीत! याने मासे धरलेच नाहीत!"

अराबा मात्र दुसरीकडेच बघत होती. फळीखाली चपला होत्या, दोन जोड. एक मोठा, एक लहान, तिच्याच मापाचा.

"फीफी, माणूस एकच आला ना? मग या कुणाच्या?"

लहान जोड उचलून दोघं धावत खोपटाशी आली. दाराशी एबोमामा पाय पसरून बसला होता. आतला माणूस घसा फोडून ओरडत होता आणि समुद्राकडे हात करत होता. पुढ्यातल्या मक्याच्या केंकीला आणि मासळीला तो शिवलासुद्धा नव्हता.

"पळायचंय लेकाला!" एबोमामा म्हणाला. "चला, निघा इथून! पोरांचं काम नाही हे."

"मामा, तुझ्या नव्या जाळ्यावर बकरी चढलीय!" फीफी ओरडला.

"काय? हाऽऽड!" एबोमामा धावत सुटला आणि अराबा आत शिरली.

तो माणूस भराभरा फ्रेंच बोलू लागला. पुराच्या पाण्यासारखे शब्द! अराबाला वाटलं, पुन्हा वाचा बसणार! तेवढ्यात फ्रेंचच्या क्वान्साबाईंनी वर्गात घोकून घेतलेलं वाक्य तिच्या तोंडून आलं, "कृपा करून हळू बोला."

तो थबकला. त्याचे डोळे भरून आले. मग तो एकेक शब्द सुटा करून बोलू लागला. नाव झादी. आयव्हरी कोस्टचा. इंजिन बंद पडलं, होडी खडकावर आपटली. फुटक्या होडीला दोघांचा भार पेलेना, म्हणून मुलाला खडकावर ठेवून तो मदत आणायला आला. मुलाचं नाव सेरी.

"कुठे?" अराबाने विचारलं. रस्ता विचारायचा तो कंटाळवाणा धडा आता कामी आला! पांढरं घर, उजवीकडे, दोन काळे दगड. तिने ते दाराशी उभ्या फीफीला सांगताच तो दचकला.

"जुळे खडक! दुपारच्या भरतीत ते बुडतात, अराबा!"

ती सुसाट पळाली. कोळ्यांचे प्रमुख क्वामेना आजोबा बदामाच्या झाडाखाली बसले होते. तिने धापा टाकत सगळं सांगितलं.

"मंगळवारी होडी लोटायची?" धापा टाकत मागून आलेला एबोमामा गरजला. "आणि चौतीस मार्कांच्या फ्रेंचवर?"

अराबाला रडू आलं. पण हातातल्या लहान चपला तिने आजोबांसमोर धरल्या. "आजोबा, आपण मासे आणायला जात नाही आहोत. मुलाला आणायला जातोय. भरती थांबणार नाही हो!"

आजोबा काठी टेकत उभे राहिले. "होडीतली सगळी जाळी किनाऱ्यावर काढून ठेवा. माझी होडी लोटा. एबो, पहिलं वल्हं तुझं!"

शांत पाण्यावर ती एकुलती होडी लहान होत होत ठिपका झाली. झादीही तिच्यात होता. अराबा वाळूवर बसून राहिली. पाणी चढत होतं. ती नुसते आकडे मोजत होती, फ्रेंचमध्ये. सातशेच्या पुढे गेल्यावर फीफी ओरडला, "आले! आले! झादीच्या मांडीवर कुणीतरी आहे!"

"कमरेइतकं पाणी होतं," उतरता उतरता एबोमामा पुटपुटला. "पोरी, ते 'हळू बोला' मलाही शिकव. माझं चुकलं."

"तुझं एकट्याचं नाही," आजोबा म्हणाले. "आम्ही सगळे सकाळपासून त्याच्यावर नुसते ओरडत होतो. ऐकलं ते या दोन पोरांनी. शाबास अराबा! शाबास फीफी! आणि त्याची होडी त्याला परत द्या, भोक बुजवून."

सेरी कुडकुडत उभा होता. सगळी अनोळखी माणसं बघून तो बापाला बिलगला. अराबाने वाकून त्याच्या पायांपाशी चपला ठेवल्या आणि अजिबात न अडखळता फ्रेंचच्या पुस्तकातल्या पहिल्या पानावरची वाक्यं म्हटली.

"माझं नाव अराबा. मी इथे राहते. तुझं नाव काय?"