चहात बुडवलेला फ्रॉक

संग्रहालयात नवी वस्तू जुनी करायची असेल, तर चहाची पूड पुरते. कागद असो की कापड, कडक चहात भिजत घालायचं, सावलीत वाळवायचं. शंभर वर्षं सकाळपर्यंत जमा. मांडणीकाराचं निम्मं आयुष्य याच कामात गेलं होतं. प्यायला मिळायचा तो कॅन्टीनचा, म्हणजे याहून फिका.

जुन्या व्यापाऱ्याच्या घराचं दालन तयार झालं, तेव्हा संचालकबाईंनी नाक मुरडलं. "पलंग आहे, तिजोरी आहे. रडू कुठंय? लोक मालिका बघून येतात हो!"

म्हणून त्यानं व्यापाऱ्याला एक मुलगी दिली. घरी खारूताईचा, म्हणजे त्याच्या लेकीचा, आखूड झालेला फ्रॉक पडला होता. उसवलेली दुमड बायकोनं हिरव्या दोऱ्यानं टाचली होती. पांढरा सापडला नव्हता. फ्रॉक चहातून निघाला आणि काचेच्या पेटीत गेला. शेजारी खारूताईचाच फोटो, तपकिरी केलेला. खाली पाटी: 'व्यापाऱ्याची एकुलती एक लेक. आठवा वाढदिवस तिनं पाहिला नाही.'

लोक रडले. एका मालिकेनं तिच्यावर भाग काढला. पेटीपुढे बाहुल्यांचा ढीग लागला. संचालकबाई चक्क हसल्या.

मग जुनं कापड तपासणाऱ्या बाई आल्या. त्यांनी हातमोजे घालून फ्रॉक उचलला आणि लगेच खाली ठेवला. "याला कुणी हात लावू नका. शंभर वर्षांचं सूत आहे, पीठ होईल."

"अहो, गेल्या वर्षी सेलमध्ये घेतलाय!"

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "मी काय काल आले या धंद्यात?"

हा किस्सा रंगवून सांगायचा म्हणून तो घरी गेला, आणि विसरला. शाळेतून वर्गाचा फोटो आला होता. सगळी पोरं लाल स्वेटरमध्ये. मधोमध खारूताई. तपकिरी. स्वेटर, गाल, दातसुद्धा.

"छपाईत घोळ," बायको म्हणाली.

"बाबा," खारूताईनं विचारलं, "उद्या मी नक्की आठ वर्षांची होणार ना?"

"मग काय! तुला कोण अडवतंय?"

सकाळी संग्रहालयाचं दार उघडायच्या आत तो संचालकबाईंपुढे उभा होता. "पाटीवरचं ते वाक्य काढा. आज, आत्ता."

"वेड लागलंय का? शाळांच्या सहली येतायत."

"बाई, ती मुलगी मी रचलीय!"

"असेल. आता ती सगळ्यांची आहे." त्यांनी फोन उचलला. "आणि इतिहास असा मनाला येईल तसा बदलता येत नाही."

त्यानं पेटी उघडली. फ्रॉक डब्याच्या पिशवीत कोंबला आणि धावत सुटला.

दार बायकोनं उघडलं.

"खारूताई कुठंय?"

"कोण?"

तो आत घुसला. लेकीच्या खोलीत इस्त्रीचं टेबल होतं. भिंतीवर उंचीच्या खुणा नव्हत्या. रंग जुनाच होता.

त्यानं फ्रॉक पुढे केला. बायकोचे डोळे भरून आले.

"अरे, हा त्या व्यापाऱ्याच्या मुलीचा ना? घरी कशाला आणलास? मालिका बघताना किती रडले होते मी."

तिनं तो अलगद उजेडात धरला. दुमडीवरून फिरता फिरता तिचा अंगठा हिरव्या दोऱ्याशी थांबला.

"गंमत बघ," ती म्हणाली. "टाका अगदी माझ्यासारखा घातलाय कुणीतरी."